सीट बदलण्याआधी जखमेची जागा पाहा

१९८७ सालच्या स्पेनमधल्या वुएल्ता सायकल शर्यतीत आयर्लंडचा शॉन केली सर्वांच्या पुढे होता. शर्यत संपायला तीन दिवस उरले असताना त्याने माघार घेतली. पाय थकले नव्हते, दमही संपला नव्हता. सीटवर टेकतो त्या जागी गळू झालं होतं आणि बसणंच अशक्य झालं होतं. शर्यत कोलंबियाच्या लुईस हेरेराने जिंकली.

‘सवय झाली की त्रास आपोआप जातो’ असं नव्या सायकलस्वाराला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं. केलीपेक्षा जास्त सवय कुणाला असणार? या सल्ल्यात अर्धंच सत्य आहे. बसताना शरीराचा भार पेलणारी दोन बैठकीची हाडं असतात. त्यांच्याभोवतीचा ठणका पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खरोखर कमी होतो. पण कातडी सोलवटणं, पुळी येणं, आत गाठ धरणं हे सवयीने जात नाही. उलट त्याच जागेवर पुन्हा पुन्हा बसल्याने ते वाढत जातं. ठणका आणि जखम यांत फरक आहे, आणि जखमेला नेहमी कारण असतं.

दाब, घर्षण आणि ओल ही तिघं मिळून जखम घडवतात. दाबाने त्या भागाचा रक्तपुरवठा मंदावतो, घामाने कातडी मऊ पडते आणि तासाला काही हजार वेळा पाय फिरताना ती घासली जाते. मग एरवी कातडीवर निरुपद्रवीपणे राहणारे जंतू केसांच्या मुळाशी शिरतात. आधी लाल पुरळ, मग केसतोड, आणि दुर्लक्ष केलं तर गळू. तिघांतलं नेमकं कोण जास्त दोषी आहे हे शोधल्याशिवाय खर्च करून उपयोग नाही.

तरी बहुतेकजण पहिला खर्च जेलच्या जाड कव्हरवर करतात. ‘सीट जितकी मऊ, तितकं बरं’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. फार मऊ सीटमध्ये बैठकीची हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाब देतो. जुन्या काळ्या सायकलची रुंद, स्प्रिंगची सीट सुखाची वाटायची, कारण तिच्यावर आपण ताठ बसायचो आणि सगळा भार मागच्या रुंद भागावर जायचा. रोड बाइकवर आपण पुढे झुकतो, ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलतो आणि टेकण्याची जागाच बदलते. तिथे तीच रुंद सीट मांड्यांना घासते. सीटची रुंदी आपल्या हाडांमधल्या अंतराशी जुळायला हवी. हे अंतर घरीही मोजता येतं. खोक्याचा जाड पन्हळी पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर जरा पुढे झुकून बसा. उठल्यावर उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर घ्या. सीट त्याहून थोडी रुंद असावी.

आता खरा तपास. आरसा घ्या आणि जखम नेमकी कुठे आहे ते पाहा. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही. ही जागा बोलण्याची नाही असं मानून कितीतरीजणी महिनोन्महिने त्रास सोसतात आणि शेवटी सायकल सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

दोन्ही बाजूंना, बरोबर हाडांवर दुखरी गाठ असेल तर तो दाबाचा मामला. सीटची रुंदी चुकली आहे किंवा तुम्ही एकाच जागी खिळून बसता. दर दहा-पंधरा मिनिटांनी काही पॅडल उभं राहून मारली तरी फरक पडतो. जांघेच्या घडीत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला सोलवटलं असेल तर संशय घर्षणावर घ्या: सीट फार रुंद, शॉर्ट्सची शिवण, सैल पडलेलं पॅड. पुढच्या नाजूक भागावर दाब किंवा बधिरपणा येत असेल तर सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर उचललेलं आहे का ते पाहा, किंवा हॅंडल इतकं लांब आहे का की तुम्ही सरकत सरकत नाकावर येऊन बसता. बधिरपणा हा नस आणि रक्तवाहिनी दबल्याचा इशारा असतो, तो चालवून घेऊ नका. मधे खाच असलेली सीट काहींना इथे उपयोगी पडते.

आणि जखम एकाच बाजूला होत असेल तर? हा प्रकार सर्वाधिक चकवतो. लोक सीटमागून सीट बदलतात, पण दोष शरीराच्या किंवा सायकलच्या असमतोलात असतो. एक पाय किंचित आखूड, एका बुटाची क्लीट (बूट पॅडलला अडकवणारी पट्टी) सरकलेली, सीट रेषेत नाही, किंवा जुन्या दुखापतीमुळे एका बाजूला झुकून बसण्याची लकब. मित्राला मागून फोनवर चित्रण करायला सांगा. प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट बहुधा उंच आहे, आणि त्या डोलण्यानेच कातडी घासते. टाच पॅडलवर ठेवून ते तळाला नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, ही सुरुवातीची ढोबळ खूण.

त्रास अचानक सुरू झाला असेल तर आधी आठवा की नवीन काय झालं: बूट, शॉर्ट्स, खाली घसरलेला सीटपोस्ट, की एकदम वाढवलेलं अंतर? रविवारी चाळीस किलोमीटर करणारा माणूस थेट २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, उतरतो. तिची मुदत साडेतेरा तासांची. इतका वेळ त्या कातडीने कधी काढलेलाच नसतो. दुरुस्ती करताना सीटपोस्टवर चिकटपट्टीने मूळ खूण करा, दोन-तीन मिलिमीटरच हलवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळतच नाही.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडच्या शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घालायचं नाही, त्याची शिवण आणि ओल हीच जखमेची सुरुवात. शॉर्ट्स प्रत्येक राइडनंतर धुवायची आणि उतरल्याबरोबर बदलायची. पावसाळ्यात घाटातून भिजून आल्यावर टपरीवर तासभर गप्पा होतात, ओल्या पॅडवर बसून. तो तास महागात पडतो. स्वच्छतेसाठी तिथले केस काढावेत असंही अनेकांना वाटतं. वस्तरा किंवा वॅक्सिंगने केस आत वळून वाढतात, मुळं सुजतात आणि संरक्षणही जातं. रिओ ऑलिंपिकच्या तयारीत ब्रिटनच्या महिला सायकलपटूंना तज्ज्ञांनी केस काढणं थांबवायलाच सांगितलं होतं. फुटलेल्या कातडीवर स्पिरिट किंवा कडक जंतुनाशक चोपडणंही चूक. साधा साबण, पाणी, कोरडेपणा आणि दोन-तीन दिवस सायकलला सुट्टी, एवढ्याने साधी पुळी बसते. ती पिळू नका.

काही दुखणी मात्र सीटची नसतातच. जांघेत गोलाकार, कडेला उठावदार, खूप खाजणारा चट्टा हा बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग. आपल्याकडे त्यावर दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावतात. चार दिवस खाज थांबते, बुरशी मात्र पसरते आणि नंतर आवरणं कठीण होतं. माकडहाडाशी, फटीच्या वरच्या टोकाला पुन्हा पुन्हा पू येत असेल तर पिलोनिडल सायनस असू शकतो. गुदद्वाराजवळ तसं होत असेल तर भगंदर. ही तपासणी शल्यचिकित्सकाकडेच होते. ताप आला, लाली पसरत गेली किंवा गाठ मोठी होऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. साखर कमी करायची म्हणून सायकल धरलेल्या मधुमेहींनी तर साध्या पुळीसाठीही डॉक्टरांकडे जायला थांबू नये, कारण त्यांच्यात जंतुसंसर्ग लवकर पसरतो आणि जखम उशिरा भरते.