मळवलीचा छापखाना आणि फसलेले बेत

पुण्याहून लोकलने लोणावळ्याकडे जाताना कामशेत मागे पडलं की मळवली येतं. शनिवार-रविवारी इथे उतरणाऱ्यांची पावलं ठरलेली असतात. कुणी कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला, कुणी भाज्याच्या लेण्यांकडे, कुणी पाठीला सॅक लावून लोहगड-विसापूरला. घरोघरच्या देवघरात आणि दुकानांच्या भिंतींवर दिसणाऱ्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी एके काळी याच मळवलीत छापल्या जात, हे यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना इथे होता. तिथून काही किलोमीटरवरच्या लोणावळ्यात पुढे धुंडिराज गोविंद फाळके या हरहुन्नरी गृहस्थांनी स्वतःचा छापखाना थाटला. रविवर्मा प्रेसचीही कामं तिथे होत.

दोघांचेही हे उद्योग त्यांच्यापुरते फसले. एकाला छापखाना विकावा लागला, तर दुसऱ्याने भागीदारीतून अंग काढून घेतलं आणि पदरात काही न घेता तो बाहेर पडला. हौसेने काही करायला घ्यावं आणि ते बिघडलं की आपण चटकन म्हणतो, ‘आपल्या हातात कलाच नाही.’ मावळात छापखाना काढणाऱ्या या दोन्ही माणसांच्या हातात कला होती, याबद्दल कुणाला शंका नाही. मग बिनसलं कुठे? हे नीट पाहिलं, तर आज घरच्या टेबलावर अडलेल्या कामाचंही निदान सोपं होतं.

दगडावरची देवी

रविवर्मा यांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात लागत. त्यांच्या रंगीत प्रती काढल्या तर त्या सामान्यांच्या घरी पोचतील, ही कल्पना त्यांना सुचवली ती टी. माधवराव यांनी. माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि १८९९ मध्ये तो मळवलीला हलवला.

या छपाईचं तत्त्व सोपं आहे, हातोटी मात्र अवघड. बारीक कणांच्या चुनखडीची लादी घासून गुळगुळीत करायची आणि तिच्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं, तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलटं उमटेल. मग लादी ओली करायची. कोरी जागा पाणी धरते, तेलकट रेषा पाणी झिडकारतात. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषांवर बसते. हे झालं एका रंगाचं. रंगीत तसबिरीला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि तोच कागद एकेका दगडावरून फिरून येतो. दर वेळी तो जागच्या जागी बसला पाहिजे. जरा सरकला तर देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरलाच म्हणून समजा.

यात हवेचाही हात असतो. कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो. तो चारी बाजूंनी सारखा फुगत नाही. तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त वाढतो, उभ्या दिशेने कमी. सकाळी पहिला रंग छापलेला कागद दुपारी दुसऱ्या रंगासाठी घेतला आणि मधल्या वेळात हवा बदलली, तर दोन रंगांचे काठ जुळत नाहीत. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा मुलखात रंगीत छपाई करायची म्हणजे कागद आणि पाऊस दोघांचीही मर्जी सांभाळावी लागते.

तरीही छापखाना अडचणीत आला तो छपाई वाईट होती म्हणून नव्हे. रविवर्मा यांच्या वतीने त्यांचे भाऊ राजा वर्मा कारभार पाहत होते. परदेशी यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ ठेवायचे म्हणजे खर्च मोठा. १८९९ पर्यंत कर्ज डोक्यावर चढलं आणि १९०१ मध्ये रविवर्मा यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकला. श्लायशर यांनी रविवर्मा यांची चित्रं छापणं चालूच ठेवलं. सोबत इतर चित्रकारांकडून नवी चित्रं करून घेतली, मालावरची लेबलं आणि जाहिराती छापल्या, आणि छापखाना मार्गी लावला. पुढे १९७२ च्या आगीत तो भस्मसात होईपर्यंत तो चालू होता.

रविवर्मा यांची चित्रं छापली जातच होती, छपाईचं तंत्रही तेच होतं. बदलला तो कारभारी. चांगलं चित्र काढणं आणि चित्राचा कारखाना चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं यातून स्वच्छ दिसतं.

फाळक्यांचे उद्योग

फाळक्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. चित्रकला, छायाचित्रण, वास्तुकलेचे नमुने, जे दिसेल ते शिकायचं. १८९५ च्या सुमारास गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून बस्तान बसवलं, तर प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. परत बडोद्याला येऊन तोच धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई गावात उठलेली, गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, ती स्वदेशीच्या लाटेत सोडली. त्यानंतरचा टप्पा लोणावळ्याचा: फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स.

इथे छायाचित्रावरून दगडावर प्रतिमा उतरवण्याचं काम चाले. कामाचा व्याप वाढला, तसा छापखाना मुंबईला दादरला गेला आणि त्याचं नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं. रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा जोरात होता, पण भागीदारांशी पटेना. अखेर फाळके सगळं सोडून निघाले. चाळिशीच्या माणसाने चांगला चाललेला धंदा असा सोडावा, याला शेजारीपाजारी काय म्हणाले असतील याची कल्पना करता येते.

१९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट त्यांनी पाहिला आणि डोक्यात नवं खूळ शिरलं. दिवसरात्र चित्रपटाचा अभ्यास केला तो इतका, की डोळे बिघडून काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडन गाठलं, ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला आणि ते परतले.

पैसा लावायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यांनी एक छोटं काम करून दाखवलं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी धरल्या, तर पडद्यावरच्या एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. महिनाभर रोज तीसेक वेळा न चुकता कॅमेऱ्यापाशी जायचं, आणि मध्ये कुंडीला किंवा तिपाईला कुणाचा धक्का लागता कामा नये. पडद्यावर दाणा फुटून रोप वर येताना पाहिलं, तेव्हा कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला. त्याच बळावर ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम घरच्या अंधाऱ्या खोलीत त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला, तेव्हा फाळक्यांना ४३ वं वर्ष पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते.

पूर्वी फसलेला एकेक उद्योग इथे कामी आला. छायाचित्रणाने कॅमेरा दिला, नाटकाच्या पडद्यांनी नेपथ्य, जादूने पडद्यावरचे चमत्कार, आणि छापखान्याने रसायनांची व अचूक जुळणीची सवय.

इथवर आलो की ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण फाळक्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग ते करू देत नाही. १९१८ मध्ये नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पुन्हा भागीदार आले, पुन्हा खटके उडाले आणि फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, नंतर परत आले. कॅमेरा, काच, कागद यांनी शिकवलेला धडा हा माणूस एकदाच शिकला आणि कधी विसरला नाही. भागीदारीचा तोच धडा दोनदा मिळूनही अंगी लागला नाही. अपयश आपोआप काही शिकवत नाही. वस्तू लगेच दाखवते कुठे चुकलं ते. माणसं आणि पैसा यांचं तसं नसतं.

ओल, तडा आणि बुरशी

आता आजच्या लोणावळा-खंडाळ्याकडे येऊ. निवृत्तीनंतर इथे राहायला आलेली मंडळी, घरून काम करणारे तरुण, गृहिणी, शाळकरी मुलं. कुणी जलरंग घेऊन बसतं, कुणी रेझिनचे ट्रे करतं, कुणी श्रावणात घरच्या घरी शाडूचा गणपती घडवतं. यांच्या बिघडलेल्या कामांपैकी कितीतरी कामांत दोष हाताचा नसून ओलीचा असतो.

शाडूच्या मूर्तीचंच पाहा. बैठक जाड, बोटं आणि कान पातळ. पातळ भाग आधी सुकतो, आकसतो आणि जाड भागापासून ओढला जातो. तडा जातो तो नेमका जोडावर, मनगटाशी किंवा मानेशी. पावसात मूर्ती सुकत नाही म्हणून घाई करून पंख्याखाली ठेवली की हा फरक आणखी वाढतो. उपाय सोपा आहे. बैठक खालून पोखरून भिंत सगळीकडे सारख्या जाडीची करायची आणि पातळ भागांवर ओलसर फडकं ठेवायचं, म्हणजे सगळी मूर्ती एका गतीने सुकते. तडा गेलाच तर नुसता ओला शाडू भरून उपयोग नाही. तोही सुकताना आकसतो आणि भेग पुन्हा उघडते. त्यात थोडा कागदाचा लगदा कालवला तर भराव टिकतो.

जलरंगाच्या कागदावर सरसासारखा एक थर दिलेला असतो, म्हणून रंग वर तरंगतो. दमट कपाटात बुरशी हा थर खाते. मग त्याच ब्रशने, त्याच रंगाने काढलेलं आकाश टिपकागदावर पडल्यासारखं डागाळतं. चित्रकार स्वतःला दोष देतो. खरं तर गठ्ठा घट्ट पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवायला हवा होता. कॅमेऱ्याच्या भिंगाचंही तेच. कातडी बॅगेत बंद ठेवलेल्या भिंगावर जाळं धरतं आणि बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवर कायमचा ओरखडा ठेवून जातं. हवाबंद डबा आणि अधूनमधून तापवून पुन्हा वापरलेलं सिलिका जेल, एवढ्यावर भागतं. रेझिनवर पावसाळ्यात येणारी चिकट, पांढुरकी साय म्हणजे हार्डनरची दमट हवेशी झालेली प्रक्रिया. लोक घाबरून वर दुसरा थर ओततात आणि तो धरत नाही. आधी साध्या पाण्याने धुऊन, वाळवून, पॉलिशपेपर मारला तर काम वाचतं.

मावळातला शेतकरी भाताची आवणी आणि मळणी एका महिन्यात करत नाही. हौशी माणसानेही सुकण्याची कामं दसऱ्यापासून होळीपर्यंत ठेवावीत. पावसाळ्यात रेखाटन, विणकाम, लेखन, गाण्याचा रियाज असं काही हाती घ्यावं. गणपतीला मात्र श्रावणाशिवाय पर्याय नाही, म्हणून तिथे वर सांगितलेली काळजी.

किल्ला वेगळा, छापखाना वेगळा

दिवाळीत मावळातल्या गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. दगड-विटांचा सांगाडा, वर चिखलात बुडवलेली गोणपाटं, उतारावर पेरलेले अळीव. समोर खरा लोहगड असतो, त्यामुळे विंचूकाट्याची माची चुकली तर शेजारचं पोरगंही लगेच दाखवून देतं. जुलै २०२५ मध्ये लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा आता चूक काढणारे वाढणार. परतीच्या पावसाने बुरूज ढासळला तर मुलं सकाळी पुन्हा लिंपतात. दिवाळी सरली की किल्ला मोडतात. त्यात कुणाचं नुकसान होत नाही, कारण त्यातून काही कमवायचं नव्हतं.

छापखान्यात कर्ज असतं, पगार असतात, भागीदार असतात. आपण हाती घेतलेलं काम यातलं कुठलं, हे सुरुवातीलाच ठरवलेलं बरं. हौस म्हणून केलेल्या चार मूर्ती शेजारी मागून नेतात, पाचव्या वर्षी चाळीस मूर्तींची ऑर्डर येते आणि घरात भांडणं सुरू होतात. अशा वेळी मूर्ती घडवण्याचा हात कमी पडलेला नसतो; माती किती लागली, दिवस किती गेले, पैसे कुणाकडे थांबलेत हे लिहिलेलं नसतं. तेव्हा छंद धंद्याच्या वाटेला लागतोय असं दिसताच पहिली खरेदी जमाखर्चाच्या वहीची करावी, आणि भागीदार घ्यायचा तर कामाची व पैशांची वाटणी आधी कागदावर उतरवावी, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि बिघडलेलं काम फेकण्याआधी त्याच्यामागे दोन ओळी लिहून ठेवाव्यात: तारीख, हवा कशी होती, काय वापरलं. पुढच्या खेपेला सर्वांत जास्त उपयोग त्या दोन ओळींचाच होतो.