तीन हट्टी झडपांची गोष्ट

या बाळांनो, जवळ बसा. आज एका चार पायांच्या यंत्राची गोष्ट सांगतो. त्याला मोटार नाही, संगणक नाही, विजेची एक तारही नाही. तरी ते चालतं! अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल टॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं आणि २०२१ साली जगापुढे ठेवलं.

त्याचे पाय मऊ. प्रत्येक पायात तीन पोकळ नळ्या शेजारी शेजारी. एका नळीत हवा भरली की ती फुगून लांबते आणि पाय दुसऱ्या बाजूला वाकतो. तिन्ही नळ्या पाळीपाळीने फुगवल्या की पाऊल गोल फिरतं: जमिनीला रेटतं, उचललं जातं, पुढे येतं. झालं पाऊल!

“पण आजोबा, पाळी कोणाची हे कोण सांगतं?”

शाब्बास मीरा! तुम्ही तिघं गोल करून उभे राहा बघू. नियम एकच. डावीकडचा उभा असेल तर आपण बसायचं, तो बसला की आपण उठायचं. करा सुरू... पाहिलंत? दोघांचं जमलं की तिसऱ्याचं बिनसतं. तो हलला की पुढच्याला हलावं लागतं. चौघं असता तर एकाआड एक बसून गप्प झाला असता. तिघांना स्वस्थता नाही!

त्या यंत्रात अशाच तीन झडपा गोलात जोडल्या आहेत. झडपेत दाब आला की आतला मऊ पडदा टपकन पलटतो आणि पुढची हवा अडते. दाब ओसरला की वाट मोकळी. हवा भरायला नि ओसरायला जरा वेळ लागतो, त्यातूनच ताल धरला जातो. बाहेरून फक्त दाबाखालची हवा अखंड द्यायची. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय जोडीने चालतात, मग दुसरी जोडी. कासवही असंच चालतं.

आणि आपण? थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की पावलांची मूळ लय मज्जारज्जूतच उपजते. मेंदू म्हणतो ‘चल’, ‘थांब’, ‘वळ’. प्रत्येक पावलाचा हुकूम त्याला सोडावा लागत नाही. म्हणून तर तुम्ही चालता चालता गप्पा मारू शकता!

या यंत्राच्या पुढे दांडीवर एक मऊ फुगा आहे. तो भिंतीवर दाबला गेला की एक झडप पलटते, पाय उलटे फिरू लागतात आणि स्वारी माघारी वळते. वीज नाही म्हणजे ठिणगी नाही. उद्या खाणीत, जिथे ठिणगीने स्फोट होईल, तिथे असं यंत्र निर्धास्त जाऊ शकेल.

आता तुमची पाळी. पाच जण गोळा करा, तोच खेळ खेळा आणि मला सांगा: फेरी थांबते का? आणि थांबत नसेल, तर का?