केंद्रकातील रंगसूत्रांची वस्ती

रंगसूत्र म्हटले की पाठ्यपुस्तकातील चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : आखूड, जाड कांड्या ओळीने मांडलेल्या. हे चित्र खोटे नाही. पण ते पेशी दुभंगण्याच्या घटकेचे आहे. एरवी, पेशी आपले नित्याचे काम करीत असते तेव्हा, या कांड्या उलगडून त्यांचे लांब, बारीक धागे झालेले असतात. मनुष्याच्या एका पेशीतील ४६ रंगसूत्रांचे धागे टोकास टोक लावून ठेवले, तर लांबी सुमारे २ मीटर भरते. आणि ज्या केंद्रकात ते मावतात, त्याचा व्यास बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो.

एवढा धागा एवढ्याशा जागेत म्हणजे गुंताच असणार, असे कोणालाही वाटेल. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी मात्र १९०९ साली प्रतिपादन केले की, प्रत्येक रंगसूत्र केंद्रकात आपापला प्रदेश धरून असते. हे मत पुढे बरीच वर्षे मागे पडले. १९८० च्या आसपास क्रेमर बंधूंनी केंद्रकाच्या एका लहानशा भागावर लेसर किरणांचा मारा केला. धागे सर्वत्र पसरलेले असते, तर थोडी थोडी इजा सगळ्यांनाच झाली असती. इजा आढळली ती मोजक्या रंगसूत्रांत! बोव्हेरी यांचे म्हणणे खरे ठरले.

कोणी कोठे राहावे यालाही काही रीत आहे. आपल्या एकोणिसाव्या रंगसूत्रावर जनुकांची दाटी आहे, अठराव्यावर ती विरळ आहे. एडिंबरो येथील संशोधकांना १९९९ साली पहिले केंद्रकाच्या मध्याकडे व दुसरे कडेला आढळले.

प्रत्येक धाग्याच्या आतही वळसे घालून वेगवेगळे वाडे पाडलेले असतात. जनुकाने केव्हा काम करावे याचा हुकूम धाग्याचाच दुसरा एखादा तुकडा देतो, आणि तो हुकूम बहुधा त्या वाड्यापुरताच चालतो. जसा एका खात्याच्या मुकादमाचा हुकूम शेजारच्या खात्यात चालत नाही. मधली भिंत पडली तर काय होते? बर्लिनच्या संशोधकांनी २०१५ साली अशी कुटुंबे अभ्यासली, ज्यांतील माणसांची बोटे जन्मतःच आखूड होती. जनुक शाबूत होते. धाग्याचा भिंतीसकट एक तुकडा गळाला होता, म्हणून शेजारच्या जनुकासाठी असलेला हुकूम त्याने ऐकला. उंदरांत तसाच तुकडा गाळला, तेव्हा त्यांचीही बोटे आखूड झाली.

कारखान्यात माल बिघडला की पहिला बोल कामगारावर येतो. व्यवस्थेकडे कोणी पाहत नाही, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. पेशीची गोष्टही याहून निराळी नाही. रोगाचे मूळ शोधताना जनुकातील अक्षरे तपासावीत, हे खरे. पण ते जनुक कोणत्या वाड्यात, कोणाच्या शेजारी बसले आहे, हेही पाहिले पाहिजे.