सशाचे पिल्लू आणि त्याचे नाजूक पोट

यशवंतपूरच्या आमच्या वसाहतीत दोन वर्षांत चार घरांत सशांची पिल्ले आली. त्यांतील तीन महिनाभरातच दगावली. आमच्या घरचे त्यांतलेच एक. प्रत्येक वेळी 'थंडी बाधली' अशीच आम्ही समजूत करून घेतली. पुढे पशुवैद्यकांशी बोलल्यावर उमगले, की दोष थंडीचा नव्हता, आमच्या लाडाचा होता. बँकेतील माणसाने सशाच्या पोटावर लिहावे याचे नवल वाटेल. परंतु मुलांच्या हट्टापायी हा पाहुणा अनेक वाचकांच्या घरी येतच असतो.

ससा हा गवतावर जगणारा प्राणी होय. मात्र गाईप्रमाणे तो रवंथ करीत नाही. गवतातील चोथा आंबविण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या, एका टोकाला बंद अशा पिशवीत चालते. 'आंधळे आतडे' म्हटली जाणारी ही पिशवी त्याच्या जठराहूनही मोठी असते आणि असंख्य उपकारक जीवाणू तीत नांदतात. तेथे तयार होणाऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या ससा स्वतःच खातो. हे पाहून किळस करू नये. जीवनसत्त्वे व प्रथिने मिळविण्याची ती त्याची नैसर्गिक रीत आहे.

पिल्लाची अडचण निराळीच. दूधपित्या पिल्लाच्या जठरातील आम्ल सौम्य असते आणि आईच्या दुधातून निर्माण होणारी द्रव्ये रोगजंतूंना आवर घालतात. मोठ्या सशात हेच काम जठरातील तीव्र आम्ल करते. दूध तुटते तेव्हा पहिले संरक्षण जाते आणि दुसरे अद्याप पुरते आलेले नसते. म्हणून आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळ असावे. प्रत्यक्षात, लहान पिल्लू अधिक गोजिरवाणे दिसते म्हणून, पुष्कळदा चार-पाच आठवड्यांचेच पिल्लू विकले जाते. त्यात प्रवासाचा ताण, नवे घर, आणि मुलांच्या हातून गाजर, बिस्किट, पाव! (चित्रातील ससा गाजर खातो, याची किंमत खऱ्या सशांनी किती मोजली असेल!) हा पिष्टमय व गोड ऐवज आंधळ्या आतड्यात पोहोचला की तेथील समतोल ढळतो, क्लॉस्ट्रिडियम वर्गातील घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने पिल्लू एक-दोन दिवसांतही दगावू शकते.

यासाठी नवे पिल्लू आणताना विक्रेता काय खाऊ घालीत होता ते विचारून घ्यावे. प्रथम तेच चालू ठेवून आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. वाळलेले गवत व स्वच्छ पाणी मात्र सदैव समोर असावे. पूजेसाठी फुलवाल्यांकडे मिळणारी हरळी, जिला येथे 'गरिके' म्हणतात, धुऊन, थोडी थोडी वाढवीत देता येते. लसूणघास वाढत्या वयात चालतो, मोठेपणी नव्हे. आमचे बाजार आवार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध असले, तरी कांदा, लसूण व बटाट्याची साले सशाला कदापि घालू नयेत.

पिल्लांच्या हगवणीचे आणखी एक कारण म्हणजे कॉक्सिडिया हे एकपेशीय परोपजीवी. लेंड्यांवाटे पडलेली त्यांची बीजे रोग पसरविण्यायोग्य व्हायला एक-दोन दिवस लागतात. त्यामुळे पिंजरा रोज साफ करून कोरडा ठेवला तर निम्मे काम होते.

सशाला ओकारी येत नाही. पोटात अडकलेले वर येण्याचा मार्गच नाही. पिल्लाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, पोट फुगले, ते दात खाऊ लागले किंवा पाण्यासारखी हगवण लागली, तर सकाळची वाट पाहू नये. घरातील अमॉक्सिसिलिनसारखी गोळी तर मुळीच देऊ नये; तोंडावाटे दिलेली ती उपकारक जीवाणूंना मारते आणि ससा त्यानेच दगावू शकतो. आपल्या भागातील वाचकांना हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही. जाताना ताज्या लेंड्या एका लहान डबीत बरोबर न्याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहून कॉक्सिडिया आहेत की नाहीत, हे कळू शकते.