पाण्याखालचा श्वास आणि मनातली भीती



सुगी आटोपली की आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळी दोन-चार दिवस समुद्राकडे जातात. कोणी मालवण-तारकर्लीला, कोणी गोव्याला, तर कोणी मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे. तेथे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरवतात. यालाच स्कुबा म्हणतात. लहानपणापासून विहिरीत पोहणारी धडधाकट मुलेही तेथे पहिल्याच मिनिटाला घाबरतात. छाती आवळली, हवा पुरेना, असे सांगतात. हे का होते ते समजून घेऊ.

प्रथम यंत्राविषयी. सिलिंडरमध्ये निव्वळ प्राणवायू नसतो. आपण शेतात घेतो तीच हवा दाबून भरलेली असते व तिच्यात प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. १० मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. पण तोंडातील रेग्युलेटर त्याच दाबाने हवा देतो, म्हणून छाती दबत नाही. हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी तयार केले.

मग दम का लागतो? नाक बंद, श्वास तोंडाने, चेहऱ्याला पाणी, कमरेला जड पट्टा. या अनोळखी गोष्टींनी मन बिथरते आणि माणूस भराभर, वरच्या वर श्वास घेऊ लागतो. साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. तिच्यातील सुमारे १५० मिलिलिटर श्वासनळ्यांतच राहते. श्वास जितका उथळ, तितकी फुप्फुसाच्या वाट्याला कमी हवा. पंप चालू आहे पण पाणी पाइपातच खेळते, वाफ्यात पोचत नाही, तशी गत होते. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. हवा हवी अशी तळमळ मुख्यतः या वायूमुळेच लागते. सिलिंडर भरलेले असूनही जीव गुदमरतो, भीती वाढते, श्वास आणखी उथळ होतो.

हे चक्र श्वास सोडण्यापासून तोडावे. चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सावकाश सोडावा. उतरण्यापूर्वी कंबरभर पाण्यात तोंड बुडवून काही मिनिटे असा सराव करावा. चष्म्यात शिरलेले पाणी बाहेर काढण्याचा सरावही तेथेच करावा. खाली भीती वाटली तर हातपाय मारू नयेत. थांबावे, शिक्षकाला खूण करावी आणि पाच-सहा संथ श्वास घ्यावेत. एक लक्षात ठेवा. अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर जाऊ या’ असा होतो. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा व तर्जनी जुळवून गोल करतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम: स्कुबात श्वास कधीही रोखू नये आणि घाबरून एकदम वर येऊ नये. १० मीटरवर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. ती कोंडली तर फुप्फुस फाटून प्राण जाऊ शकतो. श्वास चालू ठेवून शिक्षकाबरोबर हळूहळू वर यावे.

दमा, हृदयविकार किंवा फेफरे असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी उतरू नये. आपल्याला चालेल का अशी शंका असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. अर्जात आजार लपवू नये. सर्दीने कान बंद असले तर तो दिवस सोडावा. दारू घेऊन तर मुळीच उतरू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेव्हा खोल बुडी मारून त्याच दिवशी घाट चढू नये. निदान १२ तास खालीच काढावेत आणि अनेक बुड्या मारल्या असतील तर त्याहून अधिक.

आता गावातील गोष्ट. विहिरीत कोण जास्त वेळ बुडून राहतो अशी मुले पैज लावतात आणि त्याआधी जोरजोरात खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तळमळीचा इशाराच उशिरा मिळतो. तोवर प्राणवायू संपून मूल पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध होते. ना हाक, ना धडपड. आईबापांनी ही पैज आजच बंद करावी.

भीती वाटणे हा कमीपणा नाही. संत पेत्रही लाटांवर घाबरला, पण त्याने हाक मारली आणि त्याला हात मिळाला. आपणही भीती लपवू नये. शिक्षकाला सांगावी, आणि नको वाटले तर संकोच न करता मागे फिरावे. श्वास ही देवाची देणगी आहे. तिची पैज लावायची नसते.