पुराने घडवलेले रान

कोयनेच्या भूकंपावर काही वाचायला बसले की एक परके नाव हटकून समोर येते: करिबा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. त्याच्या चार वर्षे आधी, सप्टेंबर 1963 मध्ये, आफ्रिकेतल्या करिबा धरणाच्या परिसरात मोठा भूकंप झाला होता. जलाशयाच्या भाराने आणि खडकात झिरपणाऱ्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाच्या अभ्यासात ही दोन नावे जोडीने येतात. त्यातले दुसरे गाव कुठले, एवढेच पाहावे म्हणून मी नकाशा उघडला आणि झांबेझी नदीवरून बोट फिरवत राहिलो. भूकंप मागे पडला आणि वेगळाच प्रश्न पुढे आला. नदी अडवल्यावर धरणाच्या वर काय बुडाले, याचा हिशेब आपण मांडतो. धरणाच्या खाली काय थांबते?

आधी नदी पाहू. झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात ती उगम पावते, अंगोलातून वळसा घालून पुन्हा झांबियात येते, पुढे झांबिया आणि झिंबाब्वे यांची सीमा होते आणि मोझांबिकमध्ये हिंदी महासागराला मिळते. लांबी सुमारे 2,600 किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या जवळजवळ पावणेदोन पट. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. वरच्या अंगाला बारोत्सेचे प्रचंड सपाट मैदान आहे. पूर चढला की तिथल्या लोझी लोकांचा राजा मोठ्या नौकेतून उंचावरच्या आपल्या दुसऱ्या राजवाड्याकडे निघतो. या सोहळ्याला ‘कुओम्बोका’, म्हणजे पाण्यातून बाहेर येणे, असे नाव आहे. पूर तिथे सणाचे निमित्त आहे. हे मैदान पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते; म्हणून 1,708 मीटर रुंदीचा व्हिक्टोरिया धबधबा पाऊस सरल्यावर, एप्रिलच्या सुमारास, सर्वांत भरलेला असतो.

धबधब्याच्या आणि करिबाच्या खाली, झिंबाब्वेच्या काठावर माना पूल्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. शोना भाषेत ‘माना’ म्हणजे चार. नदीने पात्र बदलले तेव्हा जुन्या पात्राचे तुकडे डोह होऊन मागे राहिले. त्यांतल्या चार मोठ्या डोहांवरून हे नाव पडले. नदी जिथे सरकत गेली तिथे गाळाच्या पायऱ्या तयार झाल्या आणि त्यांवर रान उभे राहिले.

या रानाचा कणा म्हणजे फैदर्बिया हे झाड. ते आपल्या बाभळीच्या नात्यातले. पूर्वी शास्त्रज्ञ त्याला बाभळीबरोबरच मोजत. पण त्याची रीत उलटी. पावसाळ्यात सगळे रान हिरवे असते तेव्हा हे निष्पर्ण. कोरड्या दिवसांत सगळे वाळते तेव्हा याला पालवी. पिळवटलेल्या केशरी शेंगा गळतात त्या नेमक्या ऐन टंचाईत. हत्ती, इंपाला हरणे, रानरेडे त्यांवर तगतात. माना पूल्सचे काही नर हत्ती उंच फांद्यांसाठी चक्क मागच्या पायांवर उभे राहतात. हत्तीच्या लिदीतून बी पसरते आणि पुराने टाकलेल्या ताज्या, ओल्या गाळात रुजते.

इथेच करिबा आडवे येते. 128 मीटर उंचीची ही भिंत 1959 मध्ये पूर्ण झाली. मागे सुमारे 280 किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. सुमारे 57,000 तोंगा लोकांना घरे सोडावी लागली. 1958 मध्ये विरोध करणाऱ्यांवर गोळीबार होऊन आठ जण मेले. त्याच काळात बुडत्या बेटांवरून सुमारे सहा हजार प्राणी वाचवण्याची ‘ऑपरेशन नोहा’ ही मोहीम जगभर गाजली. प्राण्यांच्या कातडीला काचू नयेत म्हणून नायलॉनच्या पायमोज्यांचे दोर वळले होते. एवढी हळुवार काळजी तोंगांच्या वाट्याला आली नाही. आणि त्या दोरांना खालच्या काठापर्यंत पोचताही येणार नव्हते.

कारण खाली काहीच बुडाले नाही. थांबला तो पूर. वीजनिर्मितीसाठी पाणी बारमाही सोडावे लागते, त्यामुळे पूर्वी चढ-उतार असलेली नदी बरीचशी एकसुरी झाली. गाळ जलाशयात बसतो. भिंतीतून सुटलेले निवळ पाणी काठ खरवडते, पण नवा थर फारसा टाकत नाही. दरवाजे कधी उघडावे लागतात, पण ती वेळ ऋतू नव्हे, जलाशयाची पातळी ठरवते. कोरड्या दिवसांत उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरे अंडी घालतात. अवेळी सोडलेले पाणी ती धुऊन नेते. जुने फैदर्बिया उन्मळतात आणि त्यांच्या जागी रोपे पुरेशी येत नाहीत. याचा सगळा दोष धरणाला देता येत नाही. उगवलेली रोपे इंपाला आणि हत्तीही खुडतात. पण खुडून उरावे इतके रुजायला नवा गाळ हवा.

पुढे मोझांबिकमध्ये 1974 मध्ये काहोरा बासा धरण झाले. मुखाजवळच्या मैदानांवर पसरणारे पाणी आटले, खारे पाणी आत सरकले. तिथल्या समुद्रातली कोळंबीसुद्धा नदीच्या पुरावर वाढते, हे मासेमारीच्या अभ्यासांतून दिसले आहे.

यावर धरणे पाडा म्हणणे सोपे आहे. पण 2024 च्या दुष्काळात करिबाची पातळी उतरली तेव्हा झांबियातली घरे दिवसाचे कित्येक तास अंधारात होती. वीज चैनीची वस्तू नाही, हे कोयनेच्या विजेवर वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. म्हणून अभ्यासक मधला मार्ग सुचवतात: योग्य ऋतूत, ठरवून पाणी सोडायचे आणि नदीला थोडा पूर परत द्यायचा. त्याची किंमत विजेत मोजावी लागते, आणि ती कोणी मोजायची यावर गाडी अडते.

माना पूल्सच्या खाली, मुपाटा घळीतही धरणाची योजना होती. ती मागे पडली, आणि 1984 मध्ये या रानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बुडण्यापासून ते वाचले. आज त्या प्रसिद्ध छायाचित्रांत हत्ती ज्या झाडांखाली उभे दिसतात, त्यांतली जुनी झाडे मात्र धरणाआधीच्या पुरांच्या गाळात रुजलेली आहेत. आपल्याकडे पूर म्हटले की आपण नुकसानीचे पंचनामे करतो, आणि ते करायलाच हवेत. न आलेल्या पुराचा पंचनामा मात्र कुणी करत नाही. झांबेझीच्या काठी तो करायचा तर पडलेल्या झाडांबरोबर न उगवलेली झाडेही मोजावी लागतील.