पदवी भारताची, तपासणी ऑस्ट्रेलियाची

ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतर व्हिसासाठी बहुतेक अभियंत्यांच्या पदवीची पारख ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. व्हिसा देणारं सरकारी खातं वेगळं.

अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ या कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला. पण त्याचा लाभ सरसकट मिळत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची (एनबीए) ‘टिअर-1’ मान्यता तुमच्या शाखेला आणि पदवीच्या वर्षाला लागू असावी लागते. कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, आधी हे तपासा.

मान्यता नसेल तर ‘सीडीआर’ हा क्षमता-अहवाल द्यावा लागतो. त्यात आपल्या कामाचे किंवा शिक्षणातल्या प्रकल्पांचे तीन वृत्तांत येतात, प्रत्येकी 1,000 ते 2,500 शब्दांचे. आपल्याकडची मुलं इथेच अडतात. ‘आमच्या टीमने पूल बांधला’ हे चालत नाही; भार कोणी मोजला, आराखडा का बदलला, हे ‘मी’ म्हणून सांगावं लागतं. संकोच इथे बाजूला ठेवा.

आणि तयार अहवाल विकत घेऊ नका. मजकूर उचललेला आढळला तर अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करण्यावर बंदीही येऊ शकते.